लसीचा संशय आणि बंद केलेल्या गोळ्या

पत्र :

माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे. दीड महिन्यापूर्वी त्याच्या डाव्या पायात रक्ताची गाठ झाली आणि ती फुप्फुसात गेली. जिना चढताना एकदम धाप लागली, छातीत कळ आली, म्हणून ॲडमिट करावं लागलं. त्याआधी घोट्याचं हाड मोडलं म्हणून पाच आठवडे पायाला प्लास्टर होतं, त्यामुळे तसा तो घरीच होता. आता बरा होऊन आलाय. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. 'होत्या' म्हणते, कारण गेले चार दिवस तो त्या घेत नाहीये. त्याचं म्हणणं, हे सगळं २०२१ मध्ये घेतलेल्या कोविशील्डच्या दोन डोसमुळे झालं. कंपनीनेच कोर्टात कबूल केलंय, मग डॉक्टर का लपवतात, असं विचारतो. कुणीतरी त्याला 'लसीचं विष उतरवणारी' पावडर दिली आहे. मेलेल्या माणसांच्या शिरांमधून काढलेल्या पांढऱ्या दोऱ्यांसारख्या गाठींचे फोटो रात्र रात्र बघत बसतो. घरातल्या सगळ्यांनी डी-डायमर ही रक्ताची चाचणी करून घ्या म्हणून मागे लागलाय. नऊ महिन्यांच्या लेकीला गोवराची लस द्यायची नाही म्हणतो.

आता मनातलं सांगते. त्या वेळी तो लस घ्यायला तयार नव्हता. मीच हट्टाने त्याला घेऊन गेले होते. तो बोलून दाखवत नाही, पण मला कळतं. माझ्यामुळे झालं का हे? (आमच्या आत्याचाही बाळंतपणानंतर एक पाय खूप सुजला होता म्हणतात. त्याचा काही संबंध?) डिस्चार्जचा कागद जोडला आहे.
— एक बहीण

उत्तर :

ताई,

बाकीचं सगळं मागाहून वाचा. आधी गोळ्यांचं बघा. आजच्या आज, म्हणजे हे वाचून झाल्यावर नव्हे, तर आत्ता, त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावा आणि चार दिवस गोळ्या बंद आहेत हे स्पष्ट सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. गोळी पुन्हा कशी आणि किती सुरू करायची ते त्यांनाच ठरवू द्या. राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरपाई करायची नाही. आणि बोलता बोलता धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, खोकताना रक्त पडत असेल किंवा पाय पुन्हा सुजला असेल, तर फोन वगैरे काही नाही, सरळ इमर्जन्सीत न्या.

घाई का करतोय ते सांगतो. कागदावर ॲपिक्साबॅन लिहिलेलं आहे. या गोळीचा परिणाम दिवस-दीड दिवसात ओसरतो, म्हणूनच ती रोज दोनदा घ्यायची असते. म्हणजे तुमचा भाऊ गेले दोन-तीन दिवस गोळीच्या कुठल्याही आधाराशिवाय आहे, आणि तेही अशा काळात, जेव्हा गाठ पुन्हा होण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. पहिले तीन महिने मोलाचे असतात, त्याचे अजून निम्मेच झालेत.

गोळ्या घेतल्या नाहीत तर काय होतं, याचं उत्तर वैद्यकशास्त्राला फार जुन्या काळी मिळालं आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये बॅरिट आणि जॉर्डन या दोन डॉक्टरांनी फुप्फुसात गाठ गेलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला हेपारिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) आणि त्यासोबत गोठण रोखणारं तोंडाने घ्यायचं औषध दिलं, दुसऱ्याला दिलं नाही. औषध न मिळालेल्या १९ जणांपैकी ५ जण फुप्फुसातल्या गाठीनेच दगावले आणि आणखी ५ जणांना पुन्हा गाठ झाली. औषध मिळालेल्या १६ जणांत फुप्फुसातल्या गाठीने एकही मृत्यू झाला नाही. प्रयोग पुढे चालू ठेवणं त्यांना माणुसकीला धरून वाटलं नाही. तेव्हापासून असा रुग्ण विनाऔषध ठेवून बघण्याचं धाडस कुणी करत नाही. ३५ माणसांचा एवढासा अभ्यास, पण माझ्या लेखी तुमच्या भावाच्या मोबाईलमधल्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा तो वजनदार आहे.

त्याला एक गोष्ट बहुधा कुणी नीट सांगितली नसावी, म्हणून गोळ्यांवरचा विश्वास उडाला असेल. या गोळ्यांनी गाठ विरघळत नाही. गाठ विरघळवण्याचं काम शरीर स्वतः करतं. रक्तात प्लाझ्मिन नावाचं एक एन्झाइम असतं, ते गाठीतले धागे हळूहळू कापत जातं. त्याला काही आठवडे लागतात, कधी काही महिने. मधल्या काळात गाठीवर नवी गाठ चढू नये, एवढंच गोळीचं काम. ओढ्यात काटक्या अडकल्या की त्यांच्यावर गाळ साचत जातो. गाळ येणं थांबवलं तर पाणी आपली वाट मोकळी करून घेतं, तसं. गाठ तातडीने विरघळवणारी इंजेक्शनंही असतात. पण त्यांनी मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून ती रक्तदाब कोसळलेल्या, जिवावर बेतलेल्या रुग्णांसाठी राखून ठेवतात. तुमच्या भावाला ती दिली नाहीत याचा अर्थ त्याची हेळसांड झाली असा नाही, तशी वेळ आली नाही असा आहे. आता 'दीड महिना गोळ्या खाऊनही पाय जड वाटतो, म्हणजे गोळ्या निकामी' असा हिशोब तो करत असेल, तर त्याला हे सांगा.

आता लसीकडे वळू. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही अगदी जाता जाता लिहिली आहे : 'पाच आठवडे पायाला प्लास्टर होतं, त्यामुळे तसा तो घरीच होता.'

नसेत गाठ का होते, याची मांडणी रुडॉल्फ फिर्को या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १८५६ साली फुप्फुसातल्या गाठींवर लिहिलं, आणि पुढे त्यातून तीन कारणांचं त्रिकूट रूढ झालं : रक्त एका जागी साचून राहणं, नसेच्या भिंतीला इजा होणं आणि रक्तातच गोठण्याची ओढ वाढणं. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात, दर पावलागणिक. गुडघ्याखाली प्लास्टर घातलं की हा पंप बंद पडतो. हाड मोडताना आसपासच्या नसांना मार बसलेला असतो. आणि मोठी दुखापत झाली की शरीर जखम भरण्यासाठी रक्ताची गोठण्याची तयारी वाढवतं. म्हणजे फिर्कोंच्या नावावरचं अख्खं त्रिकूट तुमच्या घरात पाच आठवडे मुक्कामाला होतं. नेदरलँड्समध्ये गुडघ्याखाली प्लास्टर घातलेल्या रुग्णांची एक मोठी चाचणी झाली होती, २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांत त्रास देणारी गाठ शंभरातल्या साधारण दीड ते दोन जणांना झाली.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढे एका दुसऱ्या आकड्याशी तो ताडून बघायचा आहे.

तुमच्या भावाचा संशय मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्याच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. ॲस्ट्राझेनेकाच्या लसीने (कोविशील्ड ही तीच लस) आणि जॉन्सन अँड जॉन्सनच्या लसीने काही लोकांमध्ये रक्ताच्या जीवघेण्या गाठी झाल्या. माणसं गेली, आणि त्यातली काही तरुण, धडधाकट होती. नॉर्वेत लस घेतलेल्या साधारण १ लाख ३० हजार लोकांमधून ५ जण सात ते दहा दिवसांत अशा गाठी घेऊन हॉस्पिटलात आले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हा योगायोग नाही हे ओळखलं. हे मार्च २०२१ मधलं. ११ मार्चला डेन्मार्कने लसीकरण थांबवलं, ७ एप्रिलला युरोपच्या औषध नियामक संस्थेने हा लसीचा अतिदुर्मिळ दुष्परिणाम म्हणून नोंदवला, आणि ९ एप्रिलला जर्मनी-ऑस्ट्रिया आणि नॉर्वे इथल्या डॉक्टरांचे शोधनिबंध आले, ज्यात त्याचं कारणही होतं. ब्रिटनने आधी तिशीच्या आतल्यांना आणि मग चाळिशीच्या आतल्यांना हिच्याऐवजी वेगळी लस द्यायला सांगितलं. डेन्मार्कने ती लस कायमची बंदच केली.

मग २०२४ मध्ये 'कंपनीने अखेर कबूल केलं' हे काय होतं? लंडनच्या कोर्टात चाललेल्या खटल्यात कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेल्या कागदात मान्य केलं की लसीमुळे अतिदुर्मिळ प्रसंगी हा आजार होऊ शकतो. बातमी एप्रिलच्या शेवटी फुटली आणि जगभर पसरली. पुढच्याच आठवड्यात, ७ मे रोजी, या लसीची युरोपातली परवानगी संपुष्टात आली. ती मागे घेण्याचा अर्ज कंपनीनेच आधी केला होता. नव्या लसी आल्यामुळे मागणी उरली नाही, असं कारण दिलं. दोन्ही बातम्या लागोपाठ आल्यामुळे लोकांनी दोन अधिक दोन पाच केले. हा दुष्परिणाम लसीच्या माहितीपत्रकात या बातमीच्या तीन वर्षं आधीच छापलेला होता. हे खरं आहे की तेव्हा तो लोकांपर्यंत नीट पोचला नाही. बऱ्याच ठिकाणी 'लस शंभर टक्के सुरक्षित' असं ठोकून सांगितलं गेलं, आणि प्रश्न विचारणाऱ्याला मूर्खात काढलं गेलं. शंभर टक्के सुरक्षित असं औषध नसतं, साधी तापाची गोळीही नसते. त्या वेळी लपवाछपवीचा वास आला म्हणून लोक आज प्रत्येक गाठीकडे त्याच नजरेने बघतात, आणि याचा थोडा दोष मी आमच्या डॉक्टरांच्या जमातीलाही देतो.

पण तुमच्या भावाला झालेला आजार तो नव्हे. हे मी कशावरून म्हणतो?

लसीमुळे होणाऱ्या त्या आजाराची चाल अगदी ठरलेली आहे. आपल्या प्लेटलेट्समधून, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशींमधून, पीएफ४ नावाचं एक प्रथिन बाहेर पडतं. लाखात एखाद-दुसऱ्या माणसाचं शरीर लसीनंतर चुकून त्याच प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. त्या अँटिबॉडी प्लेटलेट्सना चेतवतात, प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गाठी करतात आणि त्यात वापरल्या जाऊन संपत जातात. म्हणून इथे एक विचित्र चित्र दिसतं : एकीकडे गाठी आणि त्याच वेळी प्लेटलेट्स घसरलेल्या. गाठीही बऱ्याचदा नेहमीच्या जागी नसतात, मेंदूतलं रक्त वाहून नेणाऱ्या शिरांमध्ये किंवा पोटातल्या शिरांमध्ये असतात. आणि हे सगळं लस घेतल्यावर साधारण चार ते बेचाळीस दिवसांत होतं. तेवढ्या काळात न थांबणारी डोकेदुखी, दृष्टी धूसर होणं, पोटात जबर दुखणं, अंगावर बारीक लाल ठिपके उठणं, ही त्याची लक्षणं.

तुम्ही जोडलेला कागद बघा. प्लेटलेट्स २ लाख ४० हजार, म्हणजे नॉर्मल. गाठ कुठे? प्लास्टर होतं त्याच पायाच्या पोटरीत आणि मांडीत. शेवटचा डोस कधी? २०२१ मध्ये. काही आठवडे नव्हे, वर्षं लोटली. आणखी एक खूण उपचारात आहे. ॲडमिट असताना त्याला पोटावर एनॉक्सापारिनची इंजेक्शनं दिली, ते हेपारिनच्याच घराण्यातलं औषध. लसीमुळे होणाऱ्या आजारात डॉक्टर हेपारिन टाळतात, कारण हेपारिनमुळे होणाऱ्या तशाच एका आजाराशी त्याचं जवळचं नातं आहे. तिथे हेपारिनऐवजी गोठण रोखणारी दुसरी औषधं देतात आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिनचा (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडींचा) मोठा डोस चढवतात. तुमचा भाऊ एनॉक्सापारिनवर सुधारत गेला, प्लेटलेट्स जागच्या हलल्या नाहीत. मी त्याला तपासलेलं नाही, तेव्हा शेवटचा शब्द त्याच्या डॉक्टरांचा. पण कागद जे सांगतोय ते बऱ्यापैकी सरळ आहे.

आता आकडे शेजारी शेजारी ठेवा. लसीचा हा आजार ब्रिटनमध्ये पहिल्या डोसनंतर लाखात साधारण एक ते दोन जणांना झाला, तरुणांमध्ये त्याहून थोडा जास्त. भारतात मे २०२१ मध्ये सरकारी समितीने दिलेला आकडा दहा लाख डोसमागे ०.६१ होता, इथली नोंदणी ढिसाळ धरली आणि तो आकडा वीस पट वाढवला, तरी तो लाखातलाच राहतो. प्लास्टरनंतरची गाठ शंभरात दीड-दोन. हजार पटीचा फरक आहे. तरी तुमच्या भावाच्या डोक्यात प्लास्टर आलं नाही, लस आली. यात त्याला वेडा ठरवण्यासारखं काही नाही. प्लास्टरवर कुणी खटला भरत नाही. प्लास्टरचे व्हिडिओ कुणी फॉरवर्ड करत नाही. छत्तिसाव्या वर्षी मरणाच्या दारात जाऊन आलेल्या माणसाला 'पाय हलला नाही म्हणून झालं' हे कारण फार फुटकळ वाटतं. झालं त्याच्या तोलाचं काहीतरी मोठं कारण मन शोधत असतं.

कोव्हिडबद्दलही एक वाक्य. त्या आजारानेच गाठी होतात, आणि लसीपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात होतात. स्वीडनमध्ये दहा लाखांहून जास्त संसर्गित लोकांची नोंद तपासली, तेव्हा फुप्फुसातल्या गाठीचा वाढलेला धोका संसर्गानंतर सहा महिन्यांपर्यंत टिकलेला दिसला.

पांढऱ्या दोऱ्यांचे फोटो. हृदय थांबलं की रक्त शिरांमध्ये स्थिर होतं, जड लाल पेशी तळाला बसतात आणि वरचा भाग पिवळट-पांढरा, रबरासारखा गोठतो. शिरेच्या आकाराचा साचा तयार होतो, ओढला की लांबच लांब दोरा बाहेर येतो. शवविच्छेदन करणारे डॉक्टर हे कोव्हिडच्या कितीतरी आधीपासून बघत आलेत, विद्यार्थ्यांना जिवंतपणीची गाठ आणि मरणोत्तर गाठ यातला फरक ओळखायला शिकवतात. फोटो खोटे असतीलच असं नाही. पण त्यांवरून माणूस कशाने गेला ते कळत नाही.

पावडर बंद. 'लसीचं विष' शरीरात साठून राहिलेलं नाही, त्यामुळे उतरवायला काही नाही. माझी भीती वेगळी आहे. अशा पावडरींत काय असतं ते डब्यावर धड लिहिलेलं नसतं. काही वनस्पती गोठण रोखणाऱ्या औषधाचा परिणाम वाढवतात आणि रक्तस्राव होतो, काही तो परिणाम कमी करतात आणि गोळी असून नसल्यासारखी होते. डबा डॉक्टरांना नेऊन दाखवा. तसंच अंग दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या परस्पर घ्यायच्या नाहीत. लागलंच तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. काळी डांबरासारखी शौच, लघवीतून रक्त, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार, यातलं काहीही झालं तर लगेच दाखवायचं. दाताच्या डॉक्टरकडे गेला तरी गोळी चालू असल्याचं आधी सांगायचं.

घरातल्या सगळ्यांची डी-डायमर मुळीच करू नका. ही चाचणी संशय असलेल्या रुग्णात गाठ *नाही* हे सांगायला उपयोगी पडते. वय वाढलं, ताप आला, गरोदरपण असलं, कुठे खरचटलं-मोडलं तरी ती वाढते. धडधाकट माणसाने हौसेने केली की आकडा थोडा वर दिसणार, मग सीटी स्कॅन, मग आणखी रात्री जागून काढायच्या. तुमच्या घरात सध्या एक घाबरलेला माणूस पुरेसा आहे.

लेकीच्या गोवराच्या लसीचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. ज्या दोन लसींनी गाठी झाल्या त्या अडेनोव्हायरस या सर्दीसारखे आजार करणाऱ्या विषाणूच्या सांगाड्यावर बनवलेल्या होत्या. गोवराची लस वेगळ्या पद्धतीची, १९६३ पासून वापरात असलेली. उलट गोवर हा माणसाला माहीत असलेल्या सगळ्यात संसर्गजन्य आजारांपैकी एक आहे आणि तान्ह्या मुलांना तो न्यूमोनियापर्यंत नेतो. इथे 'त्याच्या भावनांचा आदर' वगैरे मी तरी करणार नाही. मुलीच्या आईशी बोला, मुलांच्या डॉक्टरांची वेळ घ्या.

आता तुमचा प्रश्न. नाही ताई, तुमच्यामुळे झालेलं नाही. वर लिहिलेलं सगळं पुरावा म्हणून पुरेसं आहे. पण समजा, कागदात उलटं दिसलं असतं, समजा त्याला खरोखर लसीनेच गाठ झाली असती, तरी मी हेच म्हटलं असतं. २०२१ मध्ये माणसं ऑक्सिजनवाचून जात होती, तुम्ही भावाला जवळच्या लसीकरण केंद्रावर नेलंत. लाखातल्या एकाचा नंबर कुणाचा लागेल हे तुम्हाला काय, कुणालाच कळणार नव्हतं.

मात्र हे मनात ठेवून गप्प राहू नका. त्याच्याशी बोलायला सुरुवात याच विषयाने करा. 'त्या वेळी तू नको म्हणत होतास आणि मी तुझं ऐकलं नाही, याचं मला वाईट वाटतं' एवढं म्हणा. मग थांबा, त्याला बोलू द्या. मला वाटतं, त्याच्या रागाचा निम्मा भाग लसीवर नाही, ऐकून न घेतल्यावर आहे. व्हिडिओ खोटा की खरा यावर वाद घालू नका, एक पाडलात तर तो दुसरे दहा काढेल. त्याऐवजी फाईल घेऊन दोघं डॉक्टरांकडे जा आणि त्याने स्वतःच्या तोंडाने विचारावं : माझ्या प्लेटलेट्स किती होत्या? माझी गाठ लसीमुळे झाली नाही हे तुम्ही कशावरून म्हणता? गोळी किती दिवस, आणि बंद करायची की नाही हे कशावर ठरणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांना चिडत नाही. चिडला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला मोकळे आहात, फक्त ते मिळेपर्यंत गोळी चालू राहू द्या. गोळी घेण्यासाठी त्याने लसीबद्दलचं मत बदलायलाच हवं, अशी अट घालू नका. लसीचा राग मनात ठेवूनही गोळी गिळता येते.

एक बाजू घरच्यांच्या लक्षात सहसा येत नाही. फुप्फुसातल्या गाठीतून वाचलेली माणसं पुढे बरेच महिने घाबरलेली असतात. जिना चढताना साहजिक लागणारी धापही 'परत आली' असं वाटायला लावते. छाती धडधडते, झोप उडते. रात्री मोबाईल बघत बसण्याचं कारण मला तरी हेच वाटतं. हे डॉक्टरांना सांगा, गरज पडली तर समुपदेशन घ्या. रोज थोडं थोडं चालणं वाढवलं की शरीरावरचा विश्वास परत यायला मदत होते, आणि पोटरीचा पंपही चालू राहतो. तीन महिन्यांनंतरही धाप तशीच राहिली तर मात्र तपासून घ्यायला हवं. क्वचित काही जणांच्या फुप्फुसात गाठ पूर्ण विरघळत नाही आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो.

प्लास्टरसारखं ठळक, तात्पुरतं कारण असलं की गोळ्या साधारणपणे तीन महिन्यांनी बंद करता येतात. कारणाविना झालेल्या गाठीत त्या बऱ्याचदा लांबवाव्या लागतात. त्यामुळे गंमत अशी की प्लास्टरचं कारण मान्य केलं तर त्याची गोळ्यांतून लवकर सुटका व्हायची शक्यता जास्त आहे. हा मुद्दा त्याला बहुधा सगळ्यात आधी पटेल.

राहिली तुमची आत्या. कंसात लिहिलंत, पण विचारलंत हे बरं केलंत. बाळंतपणानंतरचे काही आठवडे गाठीचा धोका मुळातच बराच वाढलेला असतो, त्यामुळे एकट्या आत्याच्या सुजेवरून घराण्यात दोष आहे असं म्हणता येत नाही. तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. तेव्हा गाठीचं निदान झालं होतं की नुसती सूज होती, वय काय होतं, पुढे पुन्हा कधी झालं का, वडिलांकडच्या आणखी कुणाला झालंय का, हे आधी विचारून ठेवा. रक्त सहज गोठण्याची आनुवंशिक प्रवृत्ती काही घरांत असते. तिच्या काही चाचण्या गोळ्या चालू असताना चुकीच्या येतात, म्हणून त्या करायच्या का आणि कधी, हे डॉक्टर ठरवतील. आणि हे तुम्हालाही लागू आहे. तुम्ही इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल किंवा घेण्याचा विचार असेल, तर भाऊ आणि आत्या दोघांबद्दल तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आधी सांगा. त्या गोळ्यांनी गाठीचा धोका साधारण दुपटी-तिपटीने वाढतो आणि अशा घरात बऱ्याचदा दुसरा पर्याय निवडतात.